जुन्या अणुभट्ट्या आणि बाहेरून येणारी तपासणी पथके : त्यांच्या शब्दाला वजन किती?

बोईसरकर (प्रश्न)

नमस्कार. मी बोईसरचा रहिवासी आहे आणि तारापूरचे अणुवीज केंद्र लहानपणापासून पाहत आलो आहे. तिथली पहिली दोन युनिटे 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या वीजनिर्मिती भट्ट्यांत त्यांची गणना होते. अमेरिकेतले नाइन माइल पॉइंटचे पहिले युनिट आणि स्वित्झर्लंडमधले बेझनाऊचे पहिले युनिट याच वर्षातले.

मध्यंतरी आमच्याकडे एका घरगुती बैठकीत यावरून वाद झाला. एका गृहस्थांचे म्हणणे असे की, आता आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची पथके जुन्या केंद्रांची तपासणी करतात, त्यामुळे काळजीचे कारण उरलेले नाही. दुसऱ्यांनी ते उडवून लावले. पथके येतात, चहापाणी घेतात आणि अहवाल लिहून परत जातात, असे त्यांचे मत. मला दोन्हीही पटले नाही. म्हणून विचारतो : अशा पथकांना नेमका कोणता अधिकार असतो, ती प्रत्यक्षात काय पाहतात, आणि बाहेरच्या मदतीमुळे एखादे जुने केंद्र खरोखर अधिक सुरक्षित झाले किंवा बंद पडले, असे उदाहरण आहे काय? अणुऊर्जा असावी की नसावी हा वाद कृपया इथे नको, ही विनंती.

निवृत्त वेल्ड तपासनीस

अधिकाराचे आधी सांगतो, कारण तिथेच गैरसमज जास्त आहेत. भट्टी बंद करण्याचा अधिकार जगातल्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय पथकाला नाही. परवाना देणे, रोखणे किंवा काढून घेणे हे त्या त्या देशाच्या नियामक संस्थेचे काम. आपल्याकडे ते अणुऊर्जा नियामक मंडळ करते. अणुसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार 1994 मध्ये तयार झाला आणि 1996 मध्ये अमलात आला. भारत त्यात 2005 मध्ये सामील झाला. या कराराने देशांना दर तीन वर्षांनी स्वतःचा अहवाल मांडून इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे बंधन घातले आहे, मात्र उत्तर असमाधानकारक असल्यास शिक्षा अशी काही नाही.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची ओसार्ट नावाची पथके 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून केंद्रांच्या दैनंदिन कारभाराची पाहणी करतात, आणि साल्टो नावाची पथके आयुष्य वाढवलेल्या केंद्रांकडे पाहतात. दोन्ही पथके निमंत्रणावरूनच येतात. भारताने ओसार्ट पथक पहिल्यांदा 2012 मध्ये बोलावले ते राजस्थानातल्या रावतभाट्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी, आणि ती दोन्ही युनिटे 2000 साली सुरू झालेली होती. परीक्षेला घरातला हुशार मुलगा बसवण्याची आपली जुनी रीत इथेही पाळली गेली, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

आता ती पाहतात काय? जुन्या केंद्रातल्या बहुतेक वस्तू बदलता येतात : पंप, झडपा, मोटारी, केबल, अगदी बाष्पजनित्रसुद्धा. मात्र ज्या जाड पोलादी पात्रात इंधन असते ते दाबपात्र व्यवहारात बदलता येत नाही, आणि त्याला जे म्हातारपण येते ते डोळ्यांना दिसत नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद हळूहळू ठिसूळ होते. वेल्डच्या जागी तांबे किंवा फॉस्फरस थोडे जास्त असेल तर हे अधिक वेगाने होते. म्हणून बहुतेक भट्ट्यांत त्याच पोलादाचे नमुने सुरुवातीपासून आत ठेवलेले असतात आणि ठरावीक वर्षांनी एकेक डबी बाहेर काढून तपासली जाते.

ती तपासणी मी कितीदा तरी पाहिली आहे, अर्थात प्रयोगशाळेतल्या साध्या, किरणोत्सार नसलेल्या पोलादावर. नमुना म्हणजे 10 मिलिमीटर रुंद, तितकीच जाड आणि 55 मिलिमीटर लांब कांडी. मधोमध 2 मिलिमीटर खोल खाच. लोलकासारखा झुलणारा जड हातोडा वरून सुटतो आणि खाचेच्या पाठीमागे आदळतो. कांडी पुरेशी उबदार असेल तर ती वाकते, ओढली जाते, आणि फाटलेला भाग मळकट व तंतुमय दिसतो. तीच कांडी थंड करून ठेवली तर ‘टण्’ असा आवाज होऊन तिचे दोन तुकडे पडतात आणि तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकते. हा बदल ज्या तापमानाच्या आसपास होतो, ते तापमान न्यूट्रॉनच्या माऱ्याने दर वर्षी थोडे थोडे वर सरकते. धोका कुठे, तर एखाद्या बिघाडात तापलेल्या आणि दाबाखाली असलेल्या पात्रात आणीबाणीचे थंड पाणी सोडावे लागले, तर. गरम काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतू नये हे आपल्याला घरी शिकवतात. इथे मात्र ते पाणी ओतणे हाच बचावाचा उपाय असतो.

नमुन्यांची ही आकडेवारी एका देशाकडे कधीच पुरेशी नसते. एका केंद्राकडे मोजक्या डब्या. शंभर केंद्रांच्या डब्या एकत्र केल्या की मग कुठे आलेखावरची रेघ विश्वासाने ओढता येते. मला विचाराल तर सहकार्याचा सर्वांत उपयुक्त भाग हाच आहे, आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येत नाही.

एक स्वतःचा अनुभव, केंद्राचे नाव न लिहिता. अशाच एका पथकाबरोबर मला दोन दिवस फिरावे लागले. त्यातले एक वयस्कर परीक्षक आम्ही नीट मांडून ठेवलेल्या कागदांकडे फारसे न पाहता एका पॅनेलमागे गुडघ्यांवर बसले, बॅटरीचा झोत टाकून एका केबलचे आवरण बोटाने दाबून पाहिले आणि विचारले, “हिचे वय किती?” ज्या झडपेला ती केबल जात होती तिची जन्मकुंडली आमच्याकडे तारखेनिशी होती, केबलची नव्हती. ती नोंद शोधण्यात संध्याकाळ झाली. त्यांच्या अहवालात त्यावर एकच वाक्य आले, तरी पुढच्या वर्षभरात आमच्याकडे केबलची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली. चहापाणी झाले होते हेही खरे.

व्हिएन्नावासी

आपण उदाहरण मागितले आहे, तर बल्गेरियातल्या कोझलोदुयपेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही. डॅन्यूब नदीच्या काठी असलेल्या या केंद्रात सोव्हिएत बनावटीच्या, प्रत्येकी 440 मेगावॉटच्या चार जुन्या भट्ट्या होत्या. पहिली 1974 मध्ये सुरू झाली. या पिढीच्या भट्ट्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे भक्कम, बंदिस्त आवरण नव्हते. त्यांच्या मूळ आराखड्यात गृहीत धरलेली पाइपफूट अगदी लहान होती, तर मुख्य पाइपचा व्यास अर्ध्या मीटरचा. ठिसूळपणा मोजण्यासाठी आत नमुने ठेवण्याची सोयही या पिढीत केलेली नव्हती, म्हणजे वर काकांनी सांगितलेली डबीच नाही. जमेच्या बाजूला एवढेच की, त्यांच्यात पाणी भरपूर असे आणि ते फिरवणाऱ्या नळ्यांच्या सहा स्वतंत्र फेऱ्या असत, त्यामुळे बिघाड झाल्यास चालकांना विचार करायला वेळ मिळे.

1991 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पथक तिथे गेले आणि त्याने अवस्था गंभीर असल्याचे कळवले. तेव्हा देशाच्या विजेचा फार मोठा वाटा याच केंद्रातून येत होता, त्यामुळे सर्व बंद करा असे सांगणे सोपे आणि करणे अशक्य होते. जर्मनीने एकीकरणानंतर ग्राइफ्सवाल्डच्या याच जातीच्या भट्ट्या 1990 मध्ये बंद केल्या होत्या. पण जर्मनीच्या खिशात पैसे होते. मग 1992 मध्ये म्युनिकला झालेल्या सात श्रीमंत देशांच्या परिषदेत पूर्व युरोपातल्या भट्ट्यांसाठी मदतीची योजना ठरली, पुढच्या वर्षी युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेत त्यासाठी वेगळे खाते उघडले गेले, आणि त्या खात्यातून कोझलोदुयला 2 कोटी 40 लाख एकूचे (युरोपूर्वीच्या हिशेबी चलनाचे) अनुदान मिळाले. त्यातून तातडीच्या सुधारणा झाल्या. सोबत अट होती : पर्यायी वीज उपलब्ध होताच जुनी युनिटे बंद करायची.

गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालता आली असती. बल्गेरियाने नंतर स्वतःचाही पैसा ओतला, विशेषतः तिसऱ्या आणि चौथ्या युनिटवर. आणि 2002 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने या दोन युनिटांतल्या सुधारणांबद्दल अनुकूल अभिप्राय दिला. तरीही पहिली दोन युनिटे 2002 च्या अखेरीस आणि पुढची दोन 2006 च्या अखेरीस बंद करावी लागली, कारण 1 जानेवारी 2007 रोजी बल्गेरियाला युरोपीय संघात प्रवेश मिळणार होता आणि बंद करणे ही प्रवेशाची अट होती. “तुम्हीच सांगितले म्हणून दुरुस्त केले, आणि दुरुस्त केल्यावर तुम्हीच बंद करायला लावले,” अशा अर्थाची तक्रार तिथे आजही ऐकू येते. ती अगदीच निराधार आहे असे मला वाटत नाही. तांत्रिक पथकाच्या शब्दाला एक वजन आणि प्रवेशाच्या अटीला दुसरेच वजन होते, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसते.

स्लोव्हाकियाच्या बोहुनित्से इथेही तसेच झाले. हे गाव माझ्या घरापासून मुंबई ते नाशिक इतकेही दूर नसावे. तिथली याच पिढीची दोन युनिटे मोठा खर्च करून सुधारली गेली आणि तरी 2006 व 2008 च्या अखेरीस बंद झाली. दुसरे बंद होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, जानेवारी 2009 मध्ये, युक्रेनमार्गे येणारा रशियन वायू थांबला आणि ऐन थंडीत स्लोव्हाक सरकारने ते पुन्हा सुरू करण्याचा निर्णय जाहीर केला. प्रवेशकराराचा भंग होईल असे युरोपीय आयोगाने सांगितले. पुढे वायू आला आणि भट्टी बंदच राहिली.

उलट दिशेचे उदाहरण फिनलंडचे. लोविसा इथे फिन्नांनी भट्टी सोव्हिएत घेतली, पण तिच्याभोवती पाश्चात्त्य धर्तीचे, वाफ थंड करण्यासाठी बर्फाचे साठे असलेले आवरण सुरुवातीपासूनच बांधले आणि नियंत्रणयंत्रणाही पश्चिमेकडून आणली. 1977 मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्राला 2023 मध्ये 2050 पर्यंत चालवण्याचा परवाना मिळाला. कूळ तेच, पण संगोपन वेगळे.

साशंक

सहकार्याचे एवढे गोडवे गाण्याआधी एक उदाहरण माझेही ऐका. 1991 मध्ये फ्रान्समधल्या ब्युजे केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये दाबपात्राच्या झाकणातून जाणाऱ्या एका नळीला तडा सापडला. ही माहिती लपून राहिली नाही, जगभर पोहोचली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्राला तशाच नळ्या होत्या. 2001 मध्ये अमेरिकी नियामकाने अशा केंद्रांना वर्षअखेरपर्यंत तपासणी करायला सांगितले, डेव्हिस-बेसीने मुदत मागून घेतली, आणि मार्च 2002 मध्ये झाकण उघडे करून पाहिले तेव्हा तड्यातून झिरपलेल्या भट्टीच्या पाण्यातल्या बोरिक आम्लाने सोळा सेंटिमीटरच्या आसपास जाडीचे पोलाद आरपार खाल्लेले निघाले. दाब अडवून धरायला उरले होते ते आतल्या बाजूचे गंजरोधक पोलादाचे जेमतेम सेंटिमीटरभराचे अस्तर. फ्रान्स ते ओहायो हे अंतर माहितीने कधीच पार केले होते. अकरा वर्षांत माहिती कोणाच्या टेबलावर पडून राहिली, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणतेही परदेशी पथक देऊ शकत नाही.

दुसरे असे की, चेर्नोबिलनंतर 1989 मध्ये मॉस्कोत स्थापन झालेली वानो ही वीजकंपन्यांची जागतिक संघटना एकमेकांच्या केंद्रांची जी तपासणी करते, तिचे अहवाल जनतेसाठी खुले नसतात. माणसे मोकळेपणाने बोलावीत म्हणून ही गुप्तता आवश्यक आहे, असे सांगितले जाते. असेलही. पण मग बोईसरच्या नागरिकाने कशावर विसंबून निश्चिंत व्हायचे?

बोईसरकर

सर्वांचे आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. कोझलोदुयच्या बाबतीत युरोपीय संघ नावाचे आमिष होते. ज्या देशासमोर असे आमिष नाही आणि ज्याला भट्टी बंद करणे परवडतही नाही, तिथे काय होते? आणि 1974 च्या पोखरण चाचणीनंतर आपल्याशी सहकार्यच थांबले होते, त्याचा जुन्या भट्ट्यांवर परिणाम झाला असेल ना?

निवृत्त वेल्ड तपासनीस

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आर्मेनिया. येरेवानजवळच्या मेत्सामोर इथे त्याच सोव्हिएत कुळातल्या, भूकंपाचा विचार करून बदल केलेल्या दोन भट्ट्या होत्या. डिसेंबर 1988 मध्ये स्पिताकचा विनाशकारी भूकंप झाला. केंद्राला इजा झाली नव्हती, तरी 1989 मध्ये दोन्ही बंद केल्या गेल्या. मग सोव्हिएत संघ फुटला, शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली, आणि राजधानीत दिवसाला दोन-चार तास वीज अशी अवस्था काही हिवाळे राहिली. माणसांनी सरपणासाठी झाडे तोडली. 1995 मध्ये दुसरे युनिट पुन्हा सुरू झाले. युरोपीय संघाने बंद करण्यासाठी 10 कोटी युरोंचा प्रस्ताव ठेवला. आर्मेनियाने सांगितले की एवढ्यात पर्यायी वीज उभी राहत नाही. मग दुसरा मार्ग उरला : बंद होत नसेल तर निदान सुधारा. रशियाच्या कर्जातून दुरुस्ती झाली, युरोपीय संघाच्या मदतीने फुकुशिमानंतरच्या धर्तीची ताणचाचणी (भूकंप, पूर, वीज जाणे अशा संकटांत केंद्र तगेल का, याची पडताळणी) झाली, साल्टो पथके आली.

2021 मध्ये तिथे जे केले गेले ते मला धातूचा माणूस म्हणून फार आवडते. ठिसूळ झालेले पोलाद पुन्हा तापवले तर बरेचसे मूळ गुणांवर येते. इंधन आणि आतला सारा सांगाडा बाहेर काढून, पात्र कोरडे करून, त्यात विजेची गोल भट्टी उतरवतात आणि वेल्डचा पट्टा सुमारे 475 अंश सेल्सिअसवर कित्येक दिवस ठेवतात. तापवणे आणि निववणे दोन्ही सावकाश, कारण घाई केली तर तापमानातल्या फरकानेच नवे ताण येतील. लोहार पाणी दिलेले पाते पुन्हा शेकतो, त्याच जातीचे हे काम, फक्त पाते काही मीटर रुंदीचे आणि किरणोत्सारी. ही रीत रशियात 1980 च्या दशकात वापरात आली आणि कोझलोदुयमध्येही वापरली गेली होती.

दुसरा प्रश्न. होय, परिणाम झाला. तारापूरला अमेरिकी इंधन थांबले तेव्हा फ्रान्स, नंतर चीन, नंतर रशिया असे पुरवठादार शोधावे लागले. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती यांचीही वाट बंद झाली. मूळच्या 210 मेगावॉटच्या त्या भट्ट्या दुय्यम बाष्पजनित्रे निकामी झाल्यावर 160 मेगावॉटवर चालवल्या गेल्या. कॅनडानेही पाठ फिरवली होती. ऑगस्ट 1983 मध्ये कॅनडाच्या पिकरिंग केंद्रात एक दाबनळी (त्या जातीच्या भट्टीत इंधन एका मोठ्या दाबपात्राऐवजी अशा शेकडो नळ्यांत असते) सुमारे दोन मीटर लांब फाटली. बाहेरच्या थंड नळीला टेकल्यामुळे तिच्यात हायड्राइडचे, म्हणजे धातूत शिरलेल्या हायड्रोजनचे, ठिसूळ फोड तयार झाले होते. त्याच धातूच्या नळ्या रावतभाट्यासारख्या कॅनडाच्या धर्तीवरच्या आपल्या जुन्या भट्ट्यांत होत्या, आणि ज्यांनी आराखडा दिला तेच अधिकृतपणे आपल्याशी बोलत नव्हते. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचून आपल्या लोकांनी उपाय बसवला. 1990 च्या दशकात रावतभाट्याच्या दुसऱ्या युनिटमधल्या सर्व 306 नळ्या काढून झिर्कोनियम-नायोबियमच्या नव्या बसवल्या, तेही स्वतः बनवलेल्या हत्यारांनी. याचा अभिमान मला आहे. पण जे सहकार्याने सहज कळले असते ते शोधण्यात वर्षे गेली, हेही तितकेच खरे.

तारापूरला 2005-06 मध्ये युनिटे थांबवून आणीबाणीच्या डिझेल जनित्रांची क्षमता वाढवली गेली, दोन्ही युनिटांच्या सामायिक यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या आणि पूरक नियंत्रणकक्ष बांधला गेला. 2020 मध्ये दोन्ही युनिटे थांबली ती भट्टीतले पाणी फिरवणाऱ्या रिसर्क्युलेशन पाइपांच्या कामासाठी, आणि हे काम वर्षानुवर्षे चालले. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात अशा पाइपांना तडे जाण्याचा आजार अमेरिका आणि जपानमधल्या याच जातीच्या भट्ट्यांनी 1970 च्या दशकापासून भोगला आहे. कमी कार्बनचे पोलाद हा त्यावरचा उतारा त्यांच्याच अनुभवातून आला.

साशंक यांच्या मुद्द्यावर : डेव्हिस-बेसीबद्दल आपण लिहिलेले बरोबर आहे आणि वानोच्या गुप्ततेबद्दलही. मात्र सगळेच बंद दाराआड नसते. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय पथकाने आपल्या नियामक मंडळाची तपासणी केली आणि मंडळाचे स्वातंत्र्य कायद्याने पक्के करावे, अशी शिफारस उघडपणे नोंदवली. केबल दाखवून देणाऱ्या परीक्षकांपेक्षा ही शिफारस मोठी होती; पण केबलची नोंदवही आम्ही वर्षात सुरू करू शकलो, कायदा बदलणे केंद्रप्रमुखाच्या हातात नसते.

व्हिएन्नावासी

एक पुरवणी. युरोपीय संघात आता दर सहा वर्षांनी एखादा विषय घेऊन सर्व देशांनी एकमेकांची तपासणी करायची असा नियम आहे, आणि 2017-18 मधला पहिलाच विषय भट्ट्यांचे वृद्धत्व हा होता. त्यात दाबपात्र आणि काँक्रीटचे आवरण यांच्याबरोबर विजेच्या केबल आणि जमिनीत वा भिंतीत दडलेले पाइप मुद्दाम घेतले होते. हे अहवाल सर्वांना वाचता येतात. त्यामुळे काकांच्या त्या परीक्षकांनी केबलच का दाबून पाहिली, याचे मला नवल वाटले नाही.

बोईसरकर

आमच्या बैठकीतल्या दोन्ही गृहस्थांना हा धागा पाठवला आहे. पहिले म्हणतात, बघा, पथके येतात. दुसरे म्हणतात, बघा, अधिकार नाही. मी मात्र पुढच्या वेळी केंद्राच्या जनसंपर्क कार्यक्रमाला गेलो की पाइप बदलले का, हे विचारून झाल्यावर जमिनीखालचे पाइप आणि केबल यांच्या वयाची नोंद आहे का, तेही विचारणार आहे.

निवृत्त वेल्ड तपासनीस

जरूर विचारा. आणि शेवटची तपासणी कोणत्या वर्षी झाली, तेही त्याच दमात विचारा. नोंद असते, पण ती बांधकामाच्या वेळची असते.